बिब्याला मामा म्हणणारं गाव

आमच्या गल्लीतल्या बायकांपैकी बार्शीटाकळीच्या पलीकडे कोणी गेलेलं नाही. मी परत आल्यावर त्यांनी विचारलं, काय काय पाहिलं? मी म्हणाले, "झाडं." तेवढंच तोंडातून निघालं. चार जणींत मला बोलणं सुचत नाही. म्हणून आता दुपारी, घर निजलेलं असताना, सावकाश लिहून ठेवते आहे.

माझी लेक रंजना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. तिचं सासर अकोल्याचं. तिच्या सासूचा, म्हणजे आमच्या विहीणबाई इंदूबाईंचा, फोन आला. "बाळंतिनीच्या लाडवाले बजारातली गोडंबी नाई चालत. माह्या माहेरी ताजी फोडतात. तुमीच या, सोबत जाऊ. आमचं गाव बी पाहून होईन."

मी म्हणाले, "हो."

गोडंबी म्हणजे बिब्याच्या आतला गर. बिबा वरून काळा, चकचकीत, टणक. त्याच्या सालीत काळं तेल असतं आणि ते अंगाला लागलं की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. आतला पांढरा गर मात्र चवीला गोड, बदाम आणि चारोळीच्या मधला. वऱ्हाडात बाळंतिणीच्या लाडवात तो घालतात. कंबर धरते म्हणतात, पोट साफ राहतं म्हणतात. बहुतेकांना सोसतो. काहींना नाही सोसत. नाही सोसला की आमच्याकडे म्हणतात, बिबा उतला.

रंजनाला उततो. ती पाळण्यात होती तेव्हा शेजारच्या आजीने रीतीप्रमाणे काळ्या दोऱ्यात बिबा ओवून तिच्या कमरेला बांधला, दृष्ट लागू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी लेकरू लालभडक, डोळे सुजून मिटलेले. डॉक्टरांनी दोरा कापला आणि सांगितलं, हिला बिब्याचं काहीच नको. तेल नको, धूर नको, आतला गरही नको. तेव्हापासून आमच्या घरात बिबा आला नाही. पण लग्नाच्या बैठकीत असलं काही कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. विहीणबाईंना हे ठाऊक नव्हतं.

निघताना रंजना दारापर्यंत आली. पोटावर हात ठेवून म्हणाली, "आई, तू सांगशील ना त्यांना?"

मी म्हणाले, "हो."

दर्यापूरहून अकोल्याकडे

आमच्या भागात जमीन एवढी सपाट की आभाळच जास्त दिसतं. बसच्या खिडकीतून काळी रानं हळूहळू फिरत होती, जशी मोठी ताटं कोणीतरी फिरवावीत. हरभरा निघाला होता. कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, कुठे एखादं बोंड राहून गेलेलं, पांढरं. आमच्या विहिरींचं पाणी खारं आहे. तुरीची डाळ त्या पाण्यात शिजत नाही, चहालाही वेगळीच चव येते. झाडंही थोडी. बाभूळ, कडुनिंब, कुठे बोर. औषध म्हणून आम्ही जे वापरतो तेही त्यातलंच. अंगावर पुरळ आलं की निंबाच्या पाल्याचं पाणी. पोट दुखलं की ओवा आणि काळं मीठ. लेकराच्या पोटात मुरडा आला की मुरडशेंग, पण तीही दुकानातून. ती कुठल्या झाडाला लागते ते मला माहीत नव्हतं.

पूर्णा ओलांडताना नदीत पाणी कमी होतं आणि वाळूवर बगळे उभे होते. मी मनात वाक्य जुळवत होते. विहीणबाई, एक सांगायचं होतं. मग वाटलं, आधी तब्येत विचारावी. मग वाटलं, जेवण झाल्यावर बोलावं. बसच्या डुलण्यात वाक्य सांडून जायचं आणि मी परत गोळा करायची. अकोला कधी आलं कळलं नाही.

विहीणबाईंच्या घरी संध्याकाळी वरण-भात, वांग्याची भाजी आणि पातळ पोळ्या होत्या. डाळ किती मऊ शिजली होती. मी तसं म्हणालेही.

"पानी गोड हाय ना इथलं," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडलं बाधते व रंजनाले. दिवाळी करून आली तुमच्याकडून, तं मंग हिवाळाभर हातावर पुरळ. म्या करंजाचं तेल चोळलं, निंबाच्या पान्यानं आंघोळ घातली, तवा कुठी कमी झालं."

रंजना त्या पाण्यावर जन्मली, वाढली. तिला ते बाधेल कसं? हे माझ्या मनात आलं. मी पोळीचा घास मोडला आणि वरणात बुडवला.

झोपायच्या आधी विहीणबाईंनी सोनामुखीच्या चूर्णाची फक्की मारली. बरीच वर्षं रोज घेतात म्हणाल्या, त्याशिवाय पोटच साफ होत नाही. मलाही डबी पुढे केली. मी नको म्हणून मान हलवली. तेवढं नाही म्हणायला मला जमतं, कारण त्याला तोंड उघडावं लागत नाही.

टेकड्यांकडे

बार्शीटाकळीपर्यंत बस आणि पुढे ऑटो. तालुक्याच्या गावाची दुकानं मागे पडली तशी जमीन उठायला लागली. मला आधी वाटलं, ऑटोच कलतो आहे. मग बघितलं तर रस्ताच चढत होता. लहान लहान टेकड्या, त्यांच्यावर पानं गळालेला साग, आणि मधेच पळस. पानाशिवायची फुलं. सगळ्या रानात तेवढाच रंग, जणू कोणी दिवे लावून विझवायला विसरलं. मी अशी झाडं एका ठिकाणी कधी पाहिली नव्हती. वाऱ्याला वेगळा वास होता, सुकलेल्या पानांचा आणि मोहाचा.

तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, "थांबव रे भाऊ."

सोनामुखीने वाट धरली होती. त्या पदर खोचून पळसांच्या मागे गेल्या. ऑटोवाला माझ्याकडे न बघता म्हणाला, "मावशी, तुमी तवर फुलं पाहून घ्या." थोडं पुढे गेलो तर पुन्हा थांबलो. तिसऱ्यांदा त्याने न सांगताच ऑटो उभा केला.

"तुले कसं समजलं?" विहीणबाईंनी विचारलं.

"गप झाल्या ना तुमी," तो म्हणाला.

त्या हसल्या, पोट धरून हसल्या, आणि घाईने उतरल्या. मला वाटलं, आता या हसताहेत, आता सांगावं. पण अशा वेळी कसं सांगायचं?

गावात शिरण्याआधी वाटेवर एक मोठं, जवळजवळ उघडं झाड होतं. विहीणबाईंनी ऑटो सोडला आणि मला म्हणाल्या, "पदर सावरा अन् मामा म्हना."

"कोणाला?"

"त्याले. बिबा हाय थो. आमच्या गावात त्याच्या खालून जाताना मामा म्हनतात. मामा भाचीच्या अंगावर येत नाई."

त्या हात जोडून म्हणाल्या, "मामा, जाऊ दे रे." मीही पुटपुटले. झाडाने काही केलं नाही. उन्हात त्याच्या फांद्यांची सावली जमिनीवर पडली होती, आम्ही ती पायाखाली न घेता कडेने गेलो. आमच्या गावात बिबा फक्त दारावर मिरची-लिंबासोबत टांगलेला असतो. त्याचं एवढं थोरलं झाड असेल, त्याला नातं असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला रंजनाची आठवण झाली. तिला इथून नेताना मामा कितीदा म्हणावं लागलं असतं.

गिरजाकाकूंचं अंगण

विहीणबाईंच्या काकू, गिरजाकाकू, त्यांच्या आईच्या वयाच्या. घर मातीचं, सारवलेलं. अंगणाच्या पार टोकाला, वारा घराकडून बाहेर जाईल अशा बाजूला, गोडंबी फोडायची जागा. लेकराबाळांना तिकडे जायला बंदी. काकूंनी आम्हाला ओट्यावरच थांबवलं. बिब्याला उतारा म्हणून हातात खोबऱ्याचा तुकडा दिला, खोबरेल तेलाची वाटी पुढे केली आणि सरळ विचारलं, "कोनाले उतते का?"

ही त्यांची रीत. पाणी नंतर, हा प्रश्न आधी. घरचा असो की गिऱ्हाईक असो.

"काकू, मी काय पाहुनी हाय का?" विहीणबाई म्हणाल्या. "अन् इहीनबाई बी धड हायेत."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मला स्वतःला उतत नाही. मी मान हलवली आणि हातांना तेल चोळलं. खोबरं चावत राहिले, ते कितीतरी वेळ संपलं नाही.

दुपारी भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा आणि ताक. शेवटी काकूंनी एका वाटीत बिब्याची फुलं दिली. बिब्याच्या बुडाशी जो मऊ, केशरी भाग असतो तो वाळवून ठेवतात, मनुकेसारखा लागतो म्हणे. विहीणबाईंनी मूठभर खाल्ली. मी वाटी तशीच ठेवली. काकूंनी ते पाहिलं. विहीणबाई पुन्हा एकदा परसाकडे जाऊन आल्यावर काकू म्हणाल्या.

"सोनामुखी खाऊन राह्यली ना अजून?"

"त्याबिगर होत नाई काकू."

"रोज रोज काठीनं हाकललं तं बैल आपल्या पायानं चालन काय? कवाबवा घ्याची चीज हाय थे. भाजी खाय, पानी पे. अन् डॉक्टरले दाखव एकदा. सुनेले तं नाई ना देऊन राह्यली?"

विहीणबाई ताकाची वाटी धुवायला उठल्या.

ऊन उतरल्यावर काकू कामाला बसल्या. पायांभोवती जुनं लुगडं गुंडाळलं, हातांना राख चोळली. सपाट दगडावर एक बिबा उभा धरायचा, लहान हातोडीने एकच ठोका. साल फुटते, काळं तेल उडतं, आणि टोकदार तारेने आतला गर उचलून घ्यायचा. तेल लागलेला गर एका बाजूला, स्वच्छ गर दुसऱ्या बाजूला. ठोका, ठोका, ठोका. मी ओट्यावरून बघत होते. आवाज हळू होता, एका लयीत, आणि टेकडीवरून तो परत येत होता, जणू पलीकडेही कोणी बसून तेच करतं आहे. मला गुंगी येत होती. काकूंच्या बोटांवर काळे डाग होते, काही जुने, काही नवे. त्यांनाही कधीकधी उततो. मग त्या चार दिवस हातोडीला हात लावत नाहीत.

मधेच एक माणूस कुंपणापाशी आला. मांडीला गजकर्ण झालं होतं, बिब्याचं तेल मागत होता. काकूंनी मान वर केली नाही. "नाई देत. मागं एकानं लावलं तं मांडीची साल निघाली, दवाखान्यात पडला होता. डॉक्टरकडून मलम आन अन् पूर्ण लाव, अर्धवट सोडू नको."

"टाकळ्याचा पाला घासू का?"

"घास. पन मलम आन."

तो गेला. ठोके पुन्हा सुरू झाले. रात्री मी अंगणात आडवी झाले तरी ते कानात होते.

सकाळी

सकाळी टेकडीवर धुकं होतं आणि पळस त्यातून अर्धे अर्धे दिसत होते. काकूंनी स्वच्छ गोडंबी सुपात निवडून, पुसून, कागदाच्या पुड्यात बांधायला घेतली. विहीणबाई पिशवी उघडून बसल्या होत्या.

काकूंनी विचारलं, "कोनासाठी?"

"सांगतलं ना, सुनेसाठी. बाळंतपनाचे लाडू."

"सुनेले इचारलं का, उतते का म्हनून?"

"सुनेले काय इचाराचं?" विहीणबाई हसल्या. "देल्लं तं खाते. लय गुनाची पोट्टी हाय."

काकू दोरा गुंडाळत होत्या. आता गाठ पडेल, मग पिशवी, मग ऑटो, मग अकोला. मला रंजना दिसली, पोटावर हात ठेवून दारात उभी असलेली. परवापासून जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

मी म्हणाले, "तिला उतते."

माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा वाटला. मग बाकीचं आपोआप आलं. पाळणा, काळा दोरा, मिटलेले डोळे, डॉक्टरांचं सांगणं. मी सुपाकडे बघून बोलत होते.

"कसं उततीन?" विहीणबाई म्हणाल्या. "हिवाळाभर माह्या हातचे गोडंबीचे लाडू खाल्ले तिनं. रोज सकाळी एक. काही नाई झालं. फक्त ते हातावर..."

कोंबडा आरवत होता. काकूंनी दोरा सोडला, पुडा उघडला आणि गोडंबी परत सुपात ओतली.

"माह्या माहेरी येऊन मले गोडंबी नाई?" विहीणबाईंचा आवाज बारीक झाला होता.

"तुले पाह्यजे तेवढी ने. सुनेच्या घरात नेऊ नको."

"सून माह्याच घरात राह्यते काकू."

"मंग झालं तं."

ऑटोत त्या बाहेर बघत बसल्या. तोच ऑटोवाला, पण आज कोणी थांब म्हणालं नाही. बिब्याच्या झाडापाशी मी एकटीच मामा म्हणाले. मला वाटत होतं, आता या घरी जाऊन म्हणतील, फसवलं आम्हाला, खोट असलेली पोरगी दिली. मी ते ऐकायची तयारी करत होते. रस्ता उतरत होता आणि पुढे सपाट, धूसर मैदान दिसत होतं, पाण्यासारखं.

उतार संपताना त्यांनी विचारलं, "तिले मालूम होतं?"

"होतं."

"मंग खाल्ले काहून?"

मलाही ते आत्ताच समजत होतं. रंजना मला काही बोलली नव्हती. थंडीत बाह्या लांब करून फोनवर हसत दिसायची. मी म्हणाले, "तुम्ही हातानं दिले म्हणून."

"म्हंजे मी जहर देल्लं असतं तं खाल्लं असतं?"

"खाल्लं असतं."

त्या माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण रागही होता. "मी काय राक्षसीन हाय का व? तुमी मायलेकी मले समजता काय?"

"विहीणबाई समजतो," मी म्हणाले.

ऑटोवाला खोकला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. "तोंड हाय म्हना तुमाले," त्या म्हणाल्या. बार्शीटाकळीला बसमध्ये चढताना त्यांनी माझी पिशवी हातातून घेतली.

परत खाऱ्या पाण्याकडे

अकोल्यात मी एकटीच पुढे निघणार होते. विहीणबाई म्हणाल्या, "थांबा, मी बी येतो." त्यांनी बाजारातून खारीक, खोबरं, डिंक घेतला. दुकानदार गोडंबीचा डबा उघडायला लागला तर त्याला म्हणाल्या, "झाकून ठेव भाऊ, दूर ठेव." आणि दुसऱ्या दुकानात गेल्या.

रंजनाच्या तपासणीला त्या आमच्यासोबत दवाखान्यात आल्या. डॉक्टरीणबाईंना त्यांनीच सगळं सांगितलं, पाळण्यापासून लाडवापर्यंत, जणू तेव्हाही त्या हजर होत्या. डॉक्टरीणबाईंनी तिच्या कार्डावर ते वर लिहिलं. म्हणाल्या, थोडंसं खाऊन बघू असं कधी करायचं नाही, पुढच्या वेळी याहून जास्त सूज येऊ शकते, श्वासालाही त्रास होऊ शकतो. बाळाच्या कमरेला बिबा नको. आणि झाडपाल्याचं असो की दुकानातलं असो, कुठलंही चूर्ण विचारल्याशिवाय नको. विहीणबाईंनी सोनामुखीचं स्वतःसाठी विचारून घेतलं, आवाज खाली करून. घरी येताना मला म्हणाल्या, "काकूनं सांगतलं तेच सांगते ही बी."

लाडू त्यांनी आमच्याच चुलीपाशी बसून वळले. स्वतःच्या घरचं परातभांडं मुद्दाम आणलं नव्हतं, त्यात गोडंबीचे लाडू वळलेले होते. आमची परात आधी दोनदा धुतली. आमच्या खाऱ्याच पाण्याने, नावं न ठेवता. तुपाचा वास घरभर होता. दुपार होती, रंजना पोटावर हात ठेवून भिंतीला टेकून बसली होती, अर्धी झोपेत. खिडकीतून ऊन तिच्या हातावर पडलं होतं आणि त्या हातावर आता काही नव्हतं.

विहीणबाईंनी पहिला लाडू चव बघायला तिच्या हातात दिला. "घे माय."

तिने घेतला. तोंडाजवळ नेला आणि थांबली. मी दारात उभी होते. तिने सासूकडे पाहिलं. माझ्यासारखीच ती, मान खाली घालणारी. पण मान वरच राहिली.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "यात काय काय घातलं?"

विहीणबाईंनी तुपाचे हात पदराला पुसले आणि तिच्या पुढ्यात बसल्या.

"कनिक. तूप. गूळ. खारीक. खोबरं. डिंक. जायफळ, चिमूटभर."

"अजून?"

"अजून काई नाई."

मग रंजनाने लाडू फोडला.